वृक्षच्छाया, चावडी आणि सभागृह
डहाणू-तलासरीच्या सभास्थानांचा संक्षिप्त इतिहास

महोत्सवाच्या स्मरणिकेंत पहिला मान वेदीला मिळावा हें योग्यच आहे. देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, कोणत्या धर्मगुरूंच्या कारकीर्दींत कौलें बदललीं, ह्या गोष्टी आपण आवडीनें लिहितों व पुढील पिढी त्या आदरानें वाचते. परंतु मिस्सा आटोपल्यावर लोक जेथें थांबतात, लग्नाची पंगत जेथें बसते, भांडण जेथें मिटतें, वर्गणीचा हिशेब जेथें वाचून दाखविला जातो, त्या जागेचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. ती जागा म्हणजे कधीं देवळाची पडवी, कधीं चार बांबूंचा मांडव, कधीं आंब्याची सावली, तर कधीं दिवसाच्या भाड्यानें मिळणारें सभागृह. प्रस्तुत लेखांत ह्याच उपेक्षित जागेविषयीं दोन शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

कोणी म्हणेल, भाड्यानें मिळणाऱ्या खोलीचा इतिहास तो काय असणार? ह्या शंकेचें उत्तर डहाणू व तलासरी ह्या आपल्या दोन तालुक्यांच्या इतिहासांतच आहे. येथें असे दिवस होऊन गेले कीं, हजारों माणसांना एकत्र बसण्यासाठीं स्वतःची म्हणावी अशी वीतभर जागा नव्हती, आणि तीं एकत्र बसलीं तेव्हां तेवढाच त्यांचा अपराध ठरला. ज्या समाजाला कोणाची परवानगी न मागतां, कोणाचें भय न धरतां एकत्र बसतां येतें, तोच आपल्या सुखदुःखाचा विचार करूं शकतो. म्हणून सभास्थानाचा प्रश्न हा केवळ विटा-पत्र्यांचा प्रश्न नव्हे. तो माणुसकीचा प्रश्न आहे.

प्रथम आपल्या धर्माच्या आरंभाकडेच वळूं. आपण ज्या पवित्र यागासाठीं दर रविवारीं जमतों, त्याची स्थापना कोठें झाली? राजवाड्यांत नाहीं, मंदिरांतही नाहीं. ती एका मागून घेतलेल्या माडीवर झाली. शुभवर्तमान सांगतें कीं, प्रभूनें आपल्या दोन शिष्यांना शहरांत पाठवून घरधन्याकडे पाहुण्यांच्या खोलीची चौकशी करावयास सांगितलें, आणि त्या अनाम गृहस्थानें सजविलेली मोठी माडी त्यांना दाखविली. त्या घरधन्याचें नांव कोणालाही ठाऊक नाहीं. परंतु त्यानें खोली दिली नसती तर ती रात्र कोठें गेली असती, ह्याचा विचार प्रत्येक जागामालकानें एकदां तरी करावा.

पुढें संत पौल इफिस नगरांत गेले. तेथील सभास्थानांत विरोध होऊं लागला तेव्हां त्यांनीं आपल्या शिष्यांना वेगळें काढलें व तुरन्न नांवाच्या माणसाच्या पाठशाळेंत ते रोज संवाद करूं लागले. हा क्रम दोन वर्षें चालला, असें प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. कांहीं जुन्या हस्तलिखितांत आणखी एक मौजेचा तपशील आढळतो. ही सभा पांचव्या ताशीं सुरू होऊन दहाव्या ताशीं संपे, म्हणजे आजच्या गणनेनें सकाळीं अकरा ते दुपारीं चार. त्या उष्ण प्रदेशांत ही वेळ विसाव्याची. शाळा रिकामी, रस्ते ओस. ज्या वेळीं दुसऱ्या कोणाला खोली नको असते, त्या वेळीं ती गरिबाला परवडते, हें सूत्र एकोणीसशें वर्षांपूर्वींही लागू होतें असें दिसतें. तेच पौल पुढें रोम शहरांत आपल्या भाड्याच्या घरीं पुरीं दोन वर्षें राहिले आणि जो येईल त्याचें स्वागत करीत राहिले. प्रेषितांच्या कृत्यांचा ग्रंथ ह्या भाड्याच्या घरापाशींच समाप्त होतो.

पहिलीं अडीचशें-तीनशें वर्षें ख्रिस्ती लोक बहुधा घरांतूनच जमत. सीरियांतील द्यूरा-युरोपस ह्या गांवीं उत्खननांत असें एक घर सांपडलें आहे. इ. स. २४० च्या सुमारास त्यांतील दोन खोल्यांमधील भिंत पाडून एक मोठी बैठक केलेली तेथें स्पष्ट दिसते. सन ३१३ नंतर रोमन साम्राज्यांत धर्मस्वातंत्र्य लाभलें व मोठीं देवळें उभीं राहूं लागलीं. देवळाला जसें पावित्र्य आलें तसा एक नवा प्रश्नही उत्पन्न झाला. उपासना देवळांत, पण बाकीच्या बैठकी कोठें? सन १९१७ च्या धर्मसंहितेंत देवळांतून व्यापार व बाजार दूर ठेवावेत अशी आज्ञा होती, आणि सन १९८३ च्या संहितेंतही पवित्र स्थळीं उपासना व भक्ति ह्यांस पोषक अशाच गोष्टींना थारा द्यावा, असें सांगितलें आहे. ह्याचा अर्थ एवढाच कीं, देवळाशेजारीं दुसरें एखादें छप्पर पाहिजे. धर्मग्रामाचें सभागृह ही चैन नाहीं. देवळाच्या पावित्र्याचीच ती एक गरज आहे.

आतां आपल्या भूमीकडे येऊं. सह्याद्रीच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत पसरलेल्या ह्या मुलखांत सभागृह हा शब्द येण्यापूर्वींही सभा होत होत्या. वारली पाड्यांतील घराचें अंगण ही पहिली सभा. कुडाच्या भिंती, गवताचें छप्पर आणि पुढें शेणानें सारविलेलें अंगण; तेथें लग्नाचा मांडव पडे, धवलेरी गाणीं म्हणे व भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहिला जाई. दुसरी सभा खळ्याची. कापणीनंतर ज्या जमिनीवर भात झोडलें, त्याच जमिनीवर रात्रीं तारपा वाजे व स्त्रीपुरुष हातांत हात गुंफून फेर धरीत. हा फेर गंजाडच्या जिव्या सोमा मशे ह्यांनीं आपल्या चित्रांतून जगापुढें नेला; सन २०११ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रांतील फेराकडे नीट पाहा. मध्यभागीं वाजविणारा आहे, भोवतीं सर्व सारखे आहेत, कोणासाठीं खुर्ची मांडलेली नाहीं.

तिसरें स्थान जत्रेचें. विवळवेढे येथील महालक्ष्मीच्या चैत्रांतील जत्रेला दूरदूरचे पाडे लोटतात. तेथें बाजार भरे, सोयरिकी ठरत, वर्षभराच्या बातम्या एका कानाहून दुसऱ्या कानीं जात. किनाऱ्यावरील कोळी व मांगेले बांधवांना वाळूचा किनारा हेंच सभागृह होतें. जाळीं सुकत घातलेलीं आहेत व त्यांच्या कडेला बसून तंटा मिटविला जात आहे, असें दृश्य कित्येक वृद्धांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें आहे.

चौथें स्थान मात्र निराळें. तें म्हणजे चावडी. चावडीचें छप्पर पक्कें, पण तें सरकारचें. तेथें लोक स्वतःहून बसत नसत. त्यांना बोलाविलें जाई. सारा, पंचनामा, जबानी, हुकूम, हीं चावडीचीं कामें. राज्यें बदललीं तरी हा भेद बदलला नाहीं. सन १५३४ मध्यें गुजरातच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांना दिली, सन १५५९ मध्यें त्यांनीं दमण घेतलें आणि हा किनारा त्यांच्या अमलाखालीं आला. सन १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत वसई पडली व उत्तर कोंकणांतील पोर्तुगीज सत्ता संपली. पेशवाईच्या अखेरीस, सन १८१८ पर्यंत, इंग्रजांचा अंमल बसला. किल्ल्यावरचें निशाण प्रत्येक वेळीं बदललें, परंतु अंगण, खळें व किनारा प्रजेचा आणि चावडी सत्तेची, ही विभागणी कायम राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत मुंबई-बडोदा रेल्वे ह्या भागांतून गेली आणि एक नवीन गोष्ट घडली. जुनें डहाणू समुद्राकांठीं होतें. आतां स्टेशनाभोवतीं दुसरें डहाणू वाढूं लागलें. गवताच्या वखारी, लांकडाचीं गोदामें व भाताच्या गिरण्या उभ्या राहिल्या. इराणी व पारशी बागाईतदारांच्या वाड्या बहरल्या. मुंबईच्या तबेल्यांना लागणारें गवत ह्याच जंगलांतून जाई. व्यापार वाढला, पण त्याबरोबर जमीनही हातची गेली. वारली मनुष्य आपल्याच वडिलोपार्जित शेतावर सावकाराचें कूळ झाला. खळें आतां सावकाराचें, झाडही सावकाराचें, झोंपडीखालची जमीनसुद्धां त्याचीच. अंगणांत बसण्यासाठींही दुसऱ्याची मर्जी लागूं लागली.

ह्याच काळांत मुंबई शहरांत सार्वजनिक सभागृहांचें युग सुरू झालें होतें. त्याचा विचार येथें अप्रस्तुत होणार नाहीं. कारण शहरांत माणसें एकमेकांस अनोळखी असतात, घरें लहान असतात, अंगण नसतें, आणि म्हणून जागा भाड्यानें घेण्याची रीत शहरांतच प्रथम रुजते. सन १८३३ मध्यें मुंबईचा टाऊन हॉल पुरा झाला. तो मोठ्यांचा. पुढें धोबीतलावावर फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूट, भुलेश्वराजवळ माधवबाग अशा वास्तु दानशूर गृहस्थांच्या नांवानें उभ्या राहिल्या व तेथें व्याख्यानें, निषेधसभा, ज्ञातिसंमेलनें होऊं लागलीं. सन १८८५ च्या डिसेंबरांत राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन पुण्यास भरावयाचें होतें. तेथें पटकीची सांथ आली आणि ऐन वेळीं मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेची इमारत मिळाली म्हणून ७२ प्रतिनिधींची ती बैठक पार पडली. एवढ्या मोठ्या संस्थेचा जन्मही दुसऱ्याच्या छपराखालीं झाला. सन १९२० मध्यें अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचें पहिलें अधिवेशन मुंबईच्या एम्पायर नाट्यगृहांत झालें. ना. म. जोशी ह्यांनीं सन १९११ मध्यें स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगनें परळच्या कामगार वस्तींत दामोदर नाट्यगृह चालविलें आणि गिरणींत राबणाऱ्या कोंकणी माणसाला नाटकासाठीं व सभेसाठीं स्वतःच्या मोहल्ल्यांत एक जागा दिली.

मुंबईच्या व साष्टीच्या ख्रिस्ती गांवठाणांची गोष्ट याहून साधी आहे. सन १८९६ मध्यें मांडवी भागांत प्लेग प्रकट झाला. तो प्रथम ओळखणारे डॉक्टर आकासियो व्हिएगस हे आपल्याच धर्माचे होते. त्या भयंकर दिवसांत ठिकठिकाणच्या गांवठाणांत क्रूस उभारले गेले. शेजारपाजारचे लोक क्रूसापाशीं जमून जपमाळ म्हणत. सांथ गेली, पण क्रूस राहिले आणि त्यांभोवतीं जमण्याची संवयही राहिली. प्रार्थना संपल्यावर तेथेंच गल्लीचे प्रश्न निघत, आजाऱ्यासाठीं वर्गणी होई, नवीन आलेल्या कुटुंबाची ओळख होई. क्रूसाजवळच्या त्या चार फरशा म्हणजे आपल्या लोकांचें पहिलें बिनभाड्याचें सभागृह होय. त्या फरशांचा हिशेब कोणी ठेवला नाहीं, तरी त्यांनीं समाज एकत्र ठेवला.

आतां आपण ह्या इतिहासाच्या सर्वांत गंभीर प्रकरणाकडे येतों. सिमिंग्टन नांवाच्या एका सनदी अधिकाऱ्यानें मुंबई इलाख्यांतील आदिवासींच्या स्थितीविषयीं आपला अहवाल सरकारला सादर केला. जमीनदारासाठीं वेठ करावी लागते, तिचा मोबदला असला तर दिवसाला एक आण्याहून अधिक नसतो, व लग्नासाठीं घेतलेल्या कर्जापायीं नवराबायको सावकाराकडे बांधलीं जातात, हें सर्व त्या सरकारी कागदांतच लिहिलें गेलें. अशा बांधलेल्या माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. लग्न हा आपल्या धर्मांत पवित्र संस्कार आहे. त्याच लग्नानें माणूस गुलाम होतो, ह्याहून विदारक गोष्ट कोणती?

सन १९४५ च्या जानेवारींत टिटवाळा येथें शेतकऱ्यांची परिषद भरली. तिला उंबरगांव तालुक्यांतून कांहीं वारली गेले व आपली कहाणी सांगते झाले. तलासरीचा प्रदेश त्या वेळीं उंबरगांव तालुक्यांतच होता. त्यानंतर किसान सभेचे शामराव व गोदावरी परुळेकर हें दांपत्य ह्या भागांत आलें. दिनांक २३ मे १९४५ रोजीं झरी येथें वारल्यांची परिषद झाली. सुमारें पांच हजार माणसें आलीं. त्यांना सभागृह कोण देणार? भाडें तरी कोठून आणणार? तीं उघड्यावर बसलीं. वेठ करावयाची नाहीं, लग्नगडी म्हणून राहावयाचें नाहीं, हा निर्धार तेथें झाला. ज्यांना पिढ्यान् पिढ्या चावडीवर केवळ बोलाविलें जात होतें, तीं माणसें त्या दिवशीं प्रथमच स्वतःच्या इच्छेनें, स्वतःच्या कामासाठीं एकत्र बसलीं होतीं. आपणांपैकीं कित्येकांचा त्या चळवळीच्या राजकीय मतांशीं मतभेद असेल. तो असूं द्यावा. परंतु मनुष्याला मनुष्य म्हणून उभें राहावयास लावणाऱ्या ह्या प्रसंगापुढें कोणाही ख्रिस्ती माणसानें आदरानें नम्र व्हावें, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

पांच महिन्यांनीं त्या एकत्र बसण्याची किंमत द्यावी लागली. गवत कापणीच्या मजुरीचा प्रश्न निघाला होता. ५०० पौंड गवतामागें अडीच रुपये मिळावेत अशी मागणी होती. त्याच वेळीं गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, सर्वांनीं तलवाड्यास जमावें, अशी खोटी आवई उठविली गेली. दिनांक १० ऑक्टोबर १९४५ रोजीं हजारों वारली तेथें जमले व आपल्या बाईंची वाट पाहात बसून राहिले. त्या बसलेल्या जमावावर पोलिसांनीं गोळीबार केला. जेठ्या गांगड व आणखी चौघे असे पांच जण मृत्युमुखीं पडले. पुढें परुळेकरांना हद्दपार करण्यांत आलें. गोदावरीबाईंनीं हा सर्व वृत्तांत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या ग्रंथांत लिहिला असून त्याला सन १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. दरवर्षीं १० ऑक्टोबरला त्या पांचांचें स्मरण केलें जातें. त्यांच्या रक्तानें ह्या मातींत एक गोष्ट लिहिली गेली आहे: गरिबांना बसावयास जागा नसेल तर तीं उघड्यावर बसतात, आणि उघड्यावर बसलेल्यांचें रक्षण करणारी भिंत कोणतीच नसते.

योगायोग असा कीं, त्याच १९४५ सालीं, ह्याच भागाच्या किनाऱ्यावर, बोर्डी येथें दुसरें एक शांत कार्य सुरू झालें. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं तेथें ग्रामबालशिक्षणकेंद्र काढलें. मुलें शाळेंत येईनात तेव्हां त्या शाळाच मुलांच्या अंगणांत घेऊन गेल्या. घरधनिणीच्या अंगणांत, झाडाखालीं, मिळेल त्या सारविलेल्या जागेवर वर्ग भरे. तीच अंगणवाडी. सन १९५७ मध्यें संस्था कोसबाडच्या टेकडीवर गेली; गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरें जेथें चरतात तेथेंच शाळा. पुढें सन १९७५ मध्यें भारत सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली व ‘अंगणवाडी’ हा शब्द देशांतील गांवोगांवीं पोंचला. आपल्या डहाणूच्या एका सारविलेल्या अंगणानें अखिल भारताला एक शब्द दिला, ही लहान गोष्ट नव्हे. एका गरीब बाईनें आपलें अंगण रोज तासभर मोकळें करून दिलें, त्याचें हें फळ.

ह्या दोन घटना शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे सभास्थानाचें मर्म उमगतें. झरीला जागा नव्हती म्हणून लोक रानांत बसले. बोर्डीला इमारत पुरेना म्हणून शाळा अंगणांत बसली. दोहोंकडे जागेचा धनी कोण हाच प्रश्न होता. जेथें धनी भीतीनें दार लावतो तेथें समाज रस्त्यावर येतो. जेथें धनी प्रेमानें दार उघडतो तेथें समाज शिकतो.

स्वराज्यानंतर पुष्कळ गोष्टी सुधारल्या. सन १९६० मध्यें राज्यांची विभागणी होऊन उंबरगांव गुजरातेंत गेलें व तलासरी महाराष्ट्रांत राहिलें. सन १९७६ मध्यें वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके घटनेच्या पांचव्या अनुसूचीखालील क्षेत्रांत मोडतात. सन १९९६ च्या पेसा कायद्यानें व सन २०१४ च्या महाराष्ट्राच्या नियमांनीं येथील ग्रामसभेला विशेष अधिकार दिले. पाडासुद्धां विहित रीतीनें स्वतःची ग्रामसभा मागूं शकतो. सन १९९८ मध्यें मुंबईपासून वेगळें होऊन वसई धर्मप्रांत निर्माण झाला व त्यांत आपले दोन्ही तालुके आले. सन २०१३ मध्यें मुंबईच्या उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धांवूं लागल्या, आणि दिनांक १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा झाला.

ह्या सर्व बदलांनीं सभेची गरज कमी झाली नाहीं, उलट वाढली. ग्रामसभेचा अधिकार कागदावर आहे, पण पावसाळ्यांत ती बसणार कोठें? बचत गटाच्या बायकांना महिन्यांतून एकदां दोन तास निवांत जागा हवी. स्टेशनाजवळच्या वस्तींत चार मजली इमारतींतील कुटुंबाला बारशासाठीं अंगण नाहीं. एके काळीं मांडव गांवानें मिळून घालावा, बांबू एकाचा, पेंढा दुसऱ्याचा, श्रम सर्वांचे. आतां मांडववाला येतो, खुर्च्या मोजून देतो व पावती फाडतो. भाड्याचें सभागृह ही ह्या नव्या काळाची खूण आहे. तिच्याविषयीं नाक मुरडण्यांत अर्थ नाहीं, पण ती कोणाच्या उपयोगीं पडते हें पाहाणें आपलें कर्तव्य आहे.

भाडें घेणें हें पाप नव्हे, हें प्रथम स्पष्ट सांगावें. सभागृह आपोआप उभें राहात नाहीं आणि आपोआप टिकतही नाहीं. कोंकणच्या पावसांत पत्रा गंजतो, भिंतीला ओल येते, दर दोन-तीन वर्षांनीं चुना-रंग द्यावा लागतो. विजेचें बिल, पाणी, झाडलोट, राखणदार, मोडलेल्या खुर्च्या, ह्या सर्वांचा खर्च कोणीतरी सोसलाच पाहिजे. लग्नाच्या दिवशीं जो यजमान पंगतीवर सढळ हातानें खर्च करतो, त्यानें सभागृहाचें पुरें भाडें द्यावें हें न्याय्यच आहे. त्या भाड्यावरच पुढच्या सोमवारीं बिनपैशाची सभा भरूं शकते.

परंतु सर्वांना एकच दर लावणें हा वरवर न्याय व आंतून अन्याय होतो. म्हणून अनुभवी संस्था तीन वाटा ठेवतात. समारंभासाठीं पुरा दर; अभ्यासवर्ग, सहकारी मंडळी, बचत गट ह्यांच्यासाठीं विजेपुरता दर; आणि ग्रामसभा, आजाऱ्यांची तपासणी, मयताच्या घरची बैठक, मजुरांची सभा ह्यांना मुक्त द्वार. तुरन्नाच्या पाठशाळेची गोष्ट येथेंही उपयोगी पडते. शनिवार-रविवारची संध्याकाळ समारंभांना लागते. आठवड्यांतल्या दुपारी बहुधा रिकाम्या जातात. त्या रिकाम्या दुपारी गरिबांच्या नांवें मांडून ठेवल्या तर संस्थेचें कांहीं जात नाहीं आणि समाजाचें पुष्कळ साधतें.

कायद्याच्या दोन गोष्टीही व्यवस्थापकांनीं ध्यानांत ठेवाव्या. सन १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणें न्यासाची इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्यानें द्यावयाची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. दिवसापुरतें भाडें निराळें आणि सबंध वास्तु एखाद्या ठेकेदाराच्या हातीं वर्षानुवर्षें सोंपविणें निराळें. दुसऱ्या मार्गानें उत्पन्न निश्चित होतें, पण दर ठरविण्याचा हक्क जातो, आणि तो गेला कीं दुपारची मुक्त सभाही जाते. दुसरी गोष्ट ध्वनिक्षेपकाची. सन २००० च्या नियमांप्रमाणें रात्रीं दहानंतर उघड्यावर कर्णा लावण्यास मनाई आहे. शेजाऱ्याची झोंप मोडून साजरा झालेला सण देवाला कितपत आवडेल, ह्याचा निर्णय वाचकांनींच करावा.

आणखी एक प्रश्न नाजूक आहे, पण तो टाळून चालणार नाहीं. आपलें सभागृह केवळ आपल्याच लोकांसाठीं असावें काय? येथें इतिहास आपणांस साक्ष देतो. त्या यरुशलेमच्या घरधन्यानें खोली देतांना पाहुण्यांची परीक्षा घेतल्याचें कोठें लिहिलेलें नाहीं. रोममधील भाड्याच्या घरांत पौल जो येईल त्याला भेटत, एवढेंच लिहिलें आहे. ज्या कामानें कोणाचा अपमान होत नाहीं, ज्यांत दारू, जुगार वा द्वेष नाहीं, त्या कामासाठीं शेजाऱ्यास दार उघडणें, मग तो वारली असो, कोळी असो, इराणी असो वा मुंबईहून कालच आलेला चाकरमानी असो, हें आपल्या धर्माला धरूनच आहे. नियम असावेत, ते दारावर लावलेले असावेत, ते सर्वांना सारखे असावेत. मात्र माणूस पाहून नियम बदलूं नयेत.

शेवटीं महोत्सव ह्या शब्दाकडेच वळूं. आपण जो ज्युबिली साजरा करतों त्याचें मूळ लेवीय ग्रंथांतील योबेल वर्षांत आहे. दर पन्नासाव्या वर्षीं रणशिंग वाजे, बांधलेला दास मोकळा होई आणि प्रत्येक माणूस आपल्या वडिलांच्या भूमीकडे परत जाई. म्हणजे ज्युबिली हा मुळांत रोषणाईचा सण नव्हता. जमीन गमावलेल्या व कर्जानें बांधलेल्या माणसाचा तो सण होता. लग्नगड्याच्या ह्या भूमींत त्या वर्षाचा अर्थ आपणांइतका कोणाला कळावा?

आपल्या धर्मग्रामाजवळ सभागृह असेल तर त्याच्या किल्लीकडे ह्या महोत्सवाच्या वर्षीं नव्या नजरेनें पाहावें. सभागृह नसेल तर क्रूसाजवळची फरशी आहे, देवळाची पडवी आहे, आंब्याची सावली आहे. तेथूनच आरंभ करावा. झरीच्या पांच हजारांना छप्पर मिळालें नाहीं. त्यांच्या नातवंडांना तें मिळावें, तें परवडावें, आणि तेथें बसतांना त्यांना कोणाचें भय वाटूं नये, एवढें जरी आपण साधलें तरी हा महोत्सव सार्थकीं लागला असें म्हणतां येईल. प्रभु आपल्या सर्वांस तशी बुद्धि देवो.